टाचणीच्या मागचा पडदा

मराठीत 'टाचणी' हे नाव दोन वस्तूंना आहे. एक कागद टोचायची. दुसरी हौदाकाठच्या अळवाच्या पानावर बसलेली, गवताच्या काडीहून बारीक, पंख पाठीवर मिटून घेणारी. चतुर हा तिचा थोरला भाऊ. तो दणकट, पंख पसरून बसणारा. मुले त्याला कौतुकाने हेलिकॉप्टर म्हणतात. टाचणीला मुले बहुधा काहीच म्हणत नाहीत, कारण ती त्यांच्या नजरेतच भरत नाही. आपल्या सांदवाड्यांतून ती पिढ्यान्‌पिढ्या वावरली. तिची दखल घेतली गेली ती अलीकडच्या वीस-पंचवीस वर्षांत, आणि ती घेतली कॅमेऱ्याने.

प्रस्तुत लेखाचा विषय म्हणूनच टाचणी हा नसून टाचणीचे छायाचित्र हा आहे. साहित्यविषयक नियतकालिकात असा विषय यावा का, अशी शंका काहींना येईल. परंतु मासिकांची मुखपृष्ठे, दिनदर्शिका आणि घरोघरीचे मोबाइल यांतून आज निसर्गाचे जे वर्णन आपल्यापर्यंत पोहोचते, ते शब्दांतून कमी आणि चित्रांतून अधिक पोहोचते. वर्णनाची चिकित्सा हे समीक्षेचे कामच आहे. मोहगाव, सौंसर, पांढुर्णा या आपल्या पट्ट्यात, जिथे विहीर, हौद आणि संत्र्याची बाग यांच्या आधाराने घरे उभी राहिली, तिथे तर हे वर्णन आपल्याच परसाचे असते. किंबहुना ते असायला हवे. ते तसे उरत नाही, हीच माझी तक्रार आहे.

तक्रारीआधी ऋण मान्य केले पाहिजे. कॅमेऱ्याने टाचणीसाठी जे केले, ते त्याआधीच्या कोणत्याही साधनाला जमले नव्हते. फुलपाखरू टाचून ठेवले तर त्याचे रंग शतकभर टिकतात. चतुर आणि टाचण्या यांचे तसे नाही. मेल्यावर थोड्याच वेळात त्यांचा निळा करडा होतो, हिरवा तपकिरी होतो, डोळ्यांतील पाणी जाते. संग्राहक त्यांना बहुधा टोचतही नाहीत. कागदाच्या त्रिकोणी पुडीत घालून ठेवतात. पुडी उघडली की आत उरतो तो आकार. भारतीय वैद्यक सेवेतील डॉक्टर, लेफ्टनंट कर्नल एफ. सी. फ्रेझर यांनी 'फॉना ऑफ ब्रिटिश इंडिया' या ग्रंथमालेत चतुर-टाचण्यांवर तीन खंड लिहिले. ते १९३३, १९३४ आणि १९३६ साली प्रसिद्ध झाले. त्यांत रेषाचित्रे विपुल आहेत, पण रंग मुख्यतः शब्दांत सांगितला आहे. ओठ कोणत्या रंगाचा, छातीवरचा पट्टा कुठून कुठवर, पोटाच्या कितव्या खंडावर काळा डाग. ही वर्णने वाचताना एखाद्या जुन्या बखरकाराची आठवण होते: जे उद्या दिसणार नाही ते आज लिहून ठेवण्याची घाई त्यांत आहे. ती घाई कॅमेऱ्याने संपवली. जिवंत टाचणीचा रंग, जिवंतपणीच, कायमचा नोंदला जाऊ लागला.

आता या कलेची अडचण काय ती पाहू, कारण तिच्यातील बऱ्याच सवयी या अडचणीतून आल्या आहेत. वस्तूची प्रतिमा कॅमेऱ्याच्या संवेदकावर वस्तूइतकीच मोठी उमटली, तर ते खरे मॅक्रो छायाचित्र. पूर्ण आकाराचा संवेदक ३६ मिलिमीटर रुंद असतो. आपल्या परसात सर्वांत सहज भेटणारी पिवळ्या पोटाची टाचणी साधारण तेवढीच लांब. म्हणजे ती चौकटीत जेमतेम मावते. इतक्या जवळून पाहताना भिंगाचे छिद्र 'एफ ८' वर ठेवले तर फोकसची खोली एका मिलिमीटरच्या आसपास उरते. 'एफ १६' पर्यंत बारीक केले तर दोन. त्याहून बारीक करत गेल्यास प्रकाश पसरतो आणि सारे चित्रच मऊ पडते. म्हणजे एक-दोन मिलिमीटरच्या पातळ चकतीत जे येईल तेवढे स्पष्ट, बाकीचे धुके.

या चकतीपुढे छायाचित्रकाराला दोन वाटा असतात. टाचणी पंख मिटून बसते. डोके, छाती, पंख, पोट हे सारे जवळजवळ एका पातळीत असते. कॅमेरा त्या पातळीला समांतर धरला तर सगळी टाचणी स्पष्ट येते. हे बाजूने काढलेले चित्र. दुसरी वाट समोरून: दोन डोळे आणि मधला चेहरा टवटवीत, मागचे शरीर विरघळलेले. स्पर्धांत, मुखपृष्ठांवर आणि मित्रमंडळींच्या वाहवेत ही दुसरी वाट जिंकते. बाजूचे चित्र 'नुसती नोंद' म्हणून खालच्या पायरीवर बसवले जाते.

मला हा क्रम उलटा वाटतो. समोरचा चेहरा आपल्याला आवडतो, कारण तो आपल्या चेहऱ्यासारखा भासतो. दोन डोळे, एक तोंड, आणि आपण त्यावर भाव लादू शकतो. कोणी टाचणीला हसरी म्हणते, कोणी रागीट. हे टाचणीचे दर्शन नव्हे, स्वतःचे आहे. बाजूचे चित्र मात्र तिच्या शरीराचे म्हणणे ऐकते. ती जशी बसते, तसा कॅमेरा बसतो. जातीची ओळख पटवणाऱ्या बऱ्याच खुणाही तिथेच सापडतात: छातीच्या कुशीवरचे पट्टे आणि पोटाच्या टोकाशी असलेले, चिमट्यासारखे, मादीला धरण्याचे अवयव. शंतनु जोशी आणि दत्तप्रसाद सावंत यांनी २०१९ साली सिंधुदुर्गातून एका नव्या टाचणीची नोंद केली, सेरिअ‍ॅग्रिऑन क्रोमोथोरॅक्स. आपल्या परसातली पिवळी टाचणी, सेरिअ‍ॅग्रिऑन कोरोमंडेलियानम, तिची सख्खी नातलग. अशा नातलगांना एकमेकींपासून वेगळे करायचे तर नुसत्या सुंदर मुखवट्याचा काही उपयोग नाही.

(या पिवळ्या टाचणीला नाव दिले डेन्मार्कच्या फॅब्रिसियसने, १७९८ साली. कोरोमंडल किनाऱ्याचे नाव लावून ती आमच्या अळवावर बसते. ही रीत आपल्या घराण्यांना परकी वाटू नये. आडनाव कोकणातल्या किंवा देशावरच्या गावाचे, आणि घर सातपुड्याच्या उतरणीला.)

तथापि माझा खरा आक्षेप चेहऱ्याला नाही. तो चेहऱ्यामागच्या हिरव्या, गुळगुळीत, निराकार पडद्याला आहे.

न्याय्य बोलायचे तर मागची धूसरता ही भिंगाचीच देणगी आहे. इतक्या जवळून पाहिले की वीतभर मागे असलेली भिंतसुद्धा विरघळते. पण छायाचित्रकार तेवढ्यावर थांबत नाही. एखादी काडी आड आली तर ती मोडतो. हौदाची सिमेंटची कड, धुण्याचा दगड, वाळत घातलेले लुगडे चौकटीत डोकावले तर कोन बदलतो. फ्लॅशचा उजेड टाचणीपर्यंत पोहोचतो आणि मागे पोहोचत नाही, म्हणून भर दुपारी काढलेल्या चित्रात मागे अमावास्या असते. शेवटी जे हाती येते ते रत्नासारखे लखलखीत असते आणि रत्नासारखेच बेवारस. ते मोहगावचे की मलेशियाचे, हे सांगता येत नाही.

जुन्या घरांतील छायाचित्रसंग्रह ज्यांनी चाळले आहेत, त्यांना हा पडदा ओळखीचा वाटेल. नागपूर-जबलपूरच्या स्टुडिओत जाऊन आजोबांनी काढून घेतलेली ती चित्रे: कोट, पगडी किंवा टोपी, हातात काठी, शेजारी खुर्चीवर नऊवारीतील आजी, आणि मागे रंगवलेला पडदा. पडद्यावर विलायती महाल, संगमरवरी जिना, तळ्यात हंस. चेहरे सारे सापडतात. पण त्या माणसांनी ज्या विहिरीचे पाणी प्यायले ती विहीर, जो वाडा बांधला त्याचे परस, न्हाणीच्या सांडपाण्यावर वाढलेली केळ आणि कर्दळ, यांतले काहीही कुठल्या चित्रात नाही. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची पुनर्रचना झाली. नागपूर तिकडे गेले, छिंदवाडा इकडे राहिला. त्या आधीची आपली घरे दिसत कशी होती, हे सांगायला आज चित्र नाही, कारण घराला चित्रात येण्यायोग्य कोणी मानलेच नाही. माणूस दाखवायचा तर मागे महालच हवा. टाचणीच्या मागचा हिरवा पडदा हा त्याच स्टुडिओतला आहे, एवढेच की आता तो भिंग रंगवते.

हा केवळ हळवेपणाचा प्रश्न नाही. परसात टाचणी दिसली, याचा अर्थ आसपास कुठेतरी असे पाणी आहे, जे कित्येक आठवडे कोणी उपसून टाकलेले नाही. टाचणीची मादी पाणवनस्पतीच्या देठात किंवा पानात चीर पाडून अंडी घालते. अळी पाण्यात वाढते, डासांच्या अळ्यांसह हाती लागेल ते खाते, आणि काही आठवड्यांनी, कधी काही महिन्यांनी, काडीवर चढून कात टाकते. डेंग्यूचा डास मात्र साठलेल्या पाण्यात आठवड्या-दीड आठवड्यात उडायला तयार होतो. म्हणून आठवड्यातून एकदा हौद-टाकी कोरडी करा, हा आरोग्य खात्याचा सल्ला आहे आणि तो योग्यच आहे. पण असा दर आठवड्याला कोरडा होणारा हौद टाचणी देऊ शकत नाही. मग तुमच्या अळवावर बसलेली ती आली कुठून? कमळाच्या कुंडीतून, झाकण फुटलेल्या विहिरीतून, की संत्र्याच्या बागेतल्या शेततळ्यावरून? परसांच्या वाटण्या होत आहेत, विहिरींवर स्लॅब पडत आहेत, हौदांच्या जागी प्लास्टिकच्या काळ्या टाक्या गच्चीवर चढल्या आहेत. अशा वेळी या प्रश्नाचे उत्तर देऊ शकणारी एकमेव साक्ष चित्राच्या मागच्या भागात असते, आणि आपण तीच पुसून टाकतो.

नागपूरच्या हिस्लॉप कॉलेजच्या वनस्पती-उद्यानात झालेले काम या संदर्भात आठवते. प्रा. रेमंड अँड्र्यू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिथल्या सिमेंटच्या लहान टाक्यांवर याच पिवळ्या टाचणीच्या प्रजननाचा अभ्यास केला. तो २०१८ साली प्रसिद्ध झाला. घनदाट अरण्य नाही, सरोवर नाही. गजबजलेल्या शहरातल्या एका महाविद्यालयाची बाग आणि तिच्यातल्या टाक्या. टाचण्यांच्या पंखांवर न पुसणाऱ्या शाईने खुणा केल्या होत्या. छायाचित्राच्या बाजारात अशा शाई लागलेल्या टाचणीला कोणी उभे करणार नाही. पण विचार केला तर व्यक्तिचित्र म्हणावे असे चित्र तिचेच निघेल. चेहऱ्याच्या शंभर चित्रांतली टाचणी ही 'एक टाचणी' असते. खूण केलेली टाचणी आज इथे, उद्या त्या कडेला, अशी ओळखीची असते. आशिष टिपले आणि के. ए. सुब्रमण्यन यांच्यासह अँड्र्यू यांनी मध्य भारतातील नेहमीच्या चतुर-टाचण्यांची एक पुस्तिकाही तयार केली होती. नागपुरात चतुर-अभ्यासकांचे आंतरराष्ट्रीय संमेलन भरले त्या वर्षी, २००८ मध्ये, ती निघाली. तिथून मोहगाव शंभर किलोमीटरच्या आत आहे. राज्याची सीमा मध्ये येते ती आपल्याला; टाचणीला नाही.

दवबिंदूंनी मढलेल्या टाचण्यांविषयी फार लिहिण्याची गरज नाही. मार्गशीर्षातल्या पहाटे खरोखरच तसे दव पडते आणि गारठलेली टाचणी हलत नाही. पण किडा काही वेळ फ्रिजमध्ये ठेवून बधिर करणे आणि पिचकारीने थेंब उडवणे या युक्त्याही जगभर माहीत आहेत. दोहोंत फरक कसा करायचा? मागचे पान भिजलेले आहे का, भिंतीवर कोवळे ऊन आहे का, हे पाहून. पडदा टाकला की तो मार्ग बंद. प्रामाणिक छायाचित्रकारालाही मग आपला प्रामाणिकपणा सिद्ध करता येत नाही.

यावर एक उत्तर हमखास मिळते: परस दाखवले तर टाचणी लहान होते. होऊ द्यावी. पूर्ण आकाराऐवजी अर्ध्या आकारावर समाधान मानले तर त्याच छिद्रावर फोकसची खोली जवळजवळ तिपटीने वाढते. टाचणी अखंड येते, तिने धरलेला देठ येतो, देठ ज्या पाण्यातून वर आला ते पाणी येते. गंमत म्हणजे मोबाइलला चिमट्याने लावायचे स्वस्त भिंग हे काम महागड्या लेन्सपेक्षा सहज करते, कारण मोबाइलचा संवेदक चिमुकला आणि त्याची खोली मोठी. ज्या चित्रांना आपण हौशी म्हणून बाजूला सारतो, त्यांत मागे हौदाची कड, बादलीची कडी, कोणाचा तरी पाय दिसतो. मला ती चित्रे अधिक वेळ पाहावीशी वाटतात. मारुती चितमपल्ली यांचे (१९३२–२०२५) लेखन आपल्या विदर्भात इतके घरचे झाले त्याचे एक कारण हेच असावे: त्यांच्या पक्ष्याला तळे असते, तळ्याला गाव असते, आणि पक्ष्याचे गावातले नावही ते टिपून ठेवतात.

राहिला तो मिलनाच्या चित्रांचा प्रश्न, आणि टीकेला सर्वांत अधिक वाव तिथेच आहे. नर पोटाच्या टोकाच्या चिमट्याने मादीची मान धरतो. मादी आपले पोट पुढे वळवून नराच्या पोटाच्या मुळाशी, दुसऱ्या खंडापाशी, नेऊन टेकवते. दोघांच्या शरीरांची मिळून जी आकृती होते ती बदामासारखी, पत्त्यातल्या लाल बदामासारखी दिसते. अशा चित्राखाली 'प्रेम', 'मीलन', 'तू आणि मी' असे मथळे हटकून येतात. मागे अर्थातच पडदा, बहुधा गुलाबी झाक असलेला.

या बदामात काय चालते हे १९७९ साली जोनाथन वागे या अमेरिकन अभ्यासकाने एका टाचणीच्या बाबतीत दाखवून दिले. नर त्या वेळी स्वतःचे बीज देण्याआधी, मादीच्या शरीरात आधीच्या नराने ठेवलेले बहुतेक बीज खरवडून बाहेर काढतो. पुढे इतरही अनेक टाचण्यांत हे आढळले. मादीही निमूटपणे सारे सोसत नाही. काही जातींत माद्यांचे दोन प्रकार असतात. एक मादीच्या रंगाच्या, दुसऱ्या हुबेहूब नरासारख्या. नरांचा ससेमिरा टाळण्यासाठी हे रूप असावे, असे अभ्यासक मानतात. मोहगावच्या अर्धनारीश्वरापुढे पिढ्यान्‌पिढ्या हात जोडणाऱ्यांना याचे फारसे नवल वाटू नये. मुद्दा असा की चित्र खोटे नाही. मथळा आणि पडदा मिळून ते खोटे होते. चुरस, जबरदस्ती, शंका, डावपेच हे सारे त्या आकृतीत आहे, आणि आपण तिला शुभेच्छापत्र करून टाकतो. टाचणीच्या जगात प्रेम नाही असे माझे म्हणणे नाही. ते मला ठाऊक असण्याचे कारण नाही. पण जे आहे ते शुभेच्छापत्रापेक्षा खूपच अधिक नाट्यमय आहे, आणि चांगल्या कलावंताला नाट्य हवे असते.

ते नाट्य ज्या चित्रात पुरते उतरते, ते चित्र बदामाच्या नंतरचे आहे, आणि ते फार कमी जण काढतात. पिवळ्या टाचणीची जोडी सुटी न होता हौदावर येते. मादी पाण्यावर तरंगणाऱ्या पानावर उतरते आणि पोट वाकवून पानात अंडी टोचू लागते. नर तिची मान सोडत नाही. त्याला बसायला जागा नसते, म्हणून तो तिच्या मानेवर, पोटाच्या टोकावर तोलून, सरळ ताठ उभा राहतो. पाय हवेत, जणू कोणी पिवळी काडी खोचून ठेवली आहे. तो पहारा देत असतो, कारण नुकतेच त्याने दुसऱ्याचे जे केले ते तिसरा त्याचे करील. या चित्रात पडदा टाकताच येत नाही. पाणी हवे, पान हवे, पानाला आधार देणारा हौद हवा. नाहीतर तो नर असा अधांतरी का उभा आहे, हे कळणार नाही. अशा चित्राखाली 'प्रेम' हा मथळा बसत नाही. 'मोहगाव, आश्विन, सकाळचे दहा, न्हाणीमागचा हौद' एवढा बसतो.